अमेरिकेचे १७९८ चे परकीय व राजद्रोह कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. हे नेमके कोणते कायदे?

१७९८ च्या उन्हाळ्यात, २७ दिवसांच्या अवधीत, अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या चार कायद्यांवर राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी सह्या केल्या.

- नागरिकत्व कायदा, १८ जून: नागरिक होण्यासाठी लागणारी वास्तव्याची अट ५ वर्षांवरून १४ वर्षांवर नेली.
- मित्र-परकीय कायदा, २५ जून: युद्ध सुरू नसतानाही, राष्ट्राध्यक्षांना जो परदेशी धोकादायक वाटेल त्याला देशाबाहेर काढण्याचा अधिकार. मुदत २ वर्षे.
- शत्रू-परकीय कायदा, ६ जुलै: युद्ध किंवा आक्रमणाच्या काळात शत्रुराष्ट्राच्या १४ वर्षांवरील पुरुषांना अटक करण्याचा, हद्दपार करण्याचा अधिकार. मुदत नाही.
- राजद्रोह कायदा, १४ जुलै: सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहे किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लिखाण केल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. मुदत ३ मार्च १८०१ पर्यंत.

चौघांची नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. शत्रू-परकीय कायद्याला विरोधी पक्षातल्याही अनेकांची हरकत नव्हती. युद्धकाळात असा अधिकार बहुतेक देशांत असे. खरी राजकीय झुंज झाली ती उरलेल्या तिघांवरून.

२. १७९८ मध्येच का?

फ्रान्समुळे. १७९४ मध्ये अमेरिकेने ब्रिटनशी करार केला, तो फ्रान्सला झोंबला. फ्रेंच जहाजे अमेरिकी व्यापारी गलबते पकडू लागली. ॲडम्स यांनी तीन दूत पॅरिसला धाडले, तेव्हा फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या हस्तकांनी बोलणी सुरू करण्याआधीच सुमारे अडीच लाख डॉलरची लाच आणि वर मोठे कर्ज मागितले. एप्रिल १७९८ मध्ये हा पत्रव्यवहार छापून आला. हस्तकांची नावे झाकून त्यांना एक्स, वाय, झेड म्हटले होते, म्हणून हे प्रकरण ‘एक्स-वाय-झेड’ नावाने गाजले. देशभर संताप उसळला आणि सत्ताधारी फेडरलिस्ट पक्ष एकाएकी लोकप्रिय झाला.

भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. समुद्रात अघोषित युद्ध सुरू झाले होते आणि युरोपात फ्रेंच सैन्यापुढे एकेक राज्य कोसळत होते. पण त्या भीतीतून जे कायदे निघाले, त्यांच्या तरतुदींचा रोख फ्रेंच आरमाराकडे कमी आणि घरच्या विरोधी पक्षाकडे जास्त होता. हेतू शोधायचा तर भाषणांपेक्षा कलमे तपासावीत. कोणाला संरक्षण दिले, कोणाला वगळले, कायदा कोणत्या तारखेला संपतो आणि ज्यूरी कोण निवडतो, यातून तो जास्त उघड होतो.

३. नागरिकत्वासाठी १४ वर्षे कशासाठी?

कारण नवे नागरिक मत कोणाला देतात हे फेडरलिस्टांना ठाऊक होते. १७९० च्या दशकात आलेल्यांत ब्रिटिश सत्तेवर चिडलेले आयरिश आणि इंग्लंड-स्कॉटलंडातून दडपशाहीमुळे निसटलेले सुधारणावादी बरेच होते. ते फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांत वसले आणि जेफरसन-मॅडिसन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे वळले. (हा आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे. तो १८५४ मध्ये जन्मला.) मॅसॅच्युसेट्सचे फेडरलिस्ट हॅरिसन ग्रे ओटिस यांनी १७९७ मध्ये सभागृहात ‘रानटी आयरिशांच्या झुंडी’ नकोत असे उघड सांगितले होते.

अट कशी चढत गेली ते पाहा. १७९० मध्ये २ वर्षे. १७९५ मध्ये ५ वर्षे, आणि नागरिक होण्याचा इरादा ३ वर्षे आधी न्यायालयात नोंदवायचा. १७९८ मध्ये १४ वर्षे, आणि इरादा ५ वर्षे आधी. म्हणजे १७९८ मध्ये बोटीतून उतरलेला माणूस १८१२ पर्यंत नागरिक होऊ शकत नव्हता. शिवाय नव्याने आलेल्या परदेशी माणसाने ४८ तासांत नोंदणी करायची होती.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आल्बर्ट गॅलटिन हे रिपब्लिकनांचे सभागृहातले नेते होते. १७९४ मध्ये नागरिकत्वाला ९ वर्षे पूर्ण झाली नाहीत या कारणावरून सिनेटने त्यांची निवड रद्द केली होती, पुढे ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. परदेशात जन्मलेल्यांना संघराज्याची पदेच बंद करावीत अशा सूचनाही १७९८ च्या चर्चेत झाल्या. त्या राज्यघटनेत बसत नव्हत्या, म्हणून नागरिकत्वाची वाटच लांबवली गेली. १८०२ मध्ये जेफरसन सत्तेवर असताना अट पुन्हा ५ वर्षांवर आली, आणि सर्वसाधारण नियम म्हणून ती आजही तेवढीच आहे.

४. राजद्रोह कायद्यात राष्ट्राध्यक्षांना संरक्षण होते, मग उपराष्ट्राध्यक्षांना का नाही?

उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन होते, म्हणजे विरोधी पक्षाचे नेते. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आलेला उमेदवार उपराष्ट्राध्यक्ष होई. १७९६ मध्ये ॲडम्स जिंकले आणि जेफरसन दुसरे आले. परिणामी ॲडम्स यांच्यावर शिंतोडे उडवले तर तुरुंग, जेफरसन यांच्यावर उडवले तर काहीच नाही.

मुदतीची तारीखही अशीच बोलकी आहे. ३ मार्च १८०१ हा ॲडम्स यांच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. १८०० ची निवडणूक पूर्णपणे या कायद्याच्या छायेत होणार होती, पण ती हरलीच तर नव्या सरकारच्या हाती हे हत्यार जाणार नव्हते. प्रतिनिधिगृहात विधेयक ४४ विरुद्ध ४१ मतांनी निसटते पास झाले.

५. कायद्यात ‘सत्य’ हा बचाव मान्य होता. मग तक्रार कशाची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि फेडरलिस्टांची बाजू इथेच सर्वांत भक्कम दिसते. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात (कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेला कायदा) मजकूर खरा असला तरी सुटका नव्हती. अमेरिकी कायद्याच्या तिसऱ्या कलमाने आरोपीला मजकुराची सत्यता सिद्ध करण्याची मुभा दिली आणि लिखाण गुन्हा ठरते की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यूरीला दिला. शिवाय वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे छापण्याआधी परवाना लागत नाही एवढेच, छापल्यानंतरची जबाबदारी टळत नाही, असे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनचे मत तेव्हाचे वकील प्रमाण मानत. त्या मापाने हा कायदा सौम्य होता.

न्यायालयात मात्र हा बचाव टिकत नसे. कारणे तीन.

पहिले, पुराव्याचा भार उलटला. मजकूर खोटा असल्याचे सरकारने सिद्ध करायचे नव्हते, खरा असल्याचे आरोपीने दाखवायचे होते, आणि तेही प्रत्येक विधानाचे.

दुसरे, राजकीय लिखाण बहुतेक मतांचे असते. ‘राष्ट्राध्यक्षांना डामडौलाची हाव आहे’ हे वाक्य कोणत्या दस्तऐवजाने सिद्ध करणार? मत खरे किंवा खोटे ठरत नाही, पण या कायद्याखाली ते सिद्ध न झालेले, म्हणून खोटे, असे धरले जाई.

तिसरे, पुरावा आणण्याची वाटच अडवली जाई. रिपब्लिकन लेखक थॉमस कूपर यांच्या एप्रिल १८०० च्या खटल्यात त्यांनी खुद्द ॲडम्स यांना साक्षीसाठी बोलावण्याची मागणी केली, ती न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांनी फेटाळली. कूपर यांना ६ महिने कैद आणि ४०० डॉलर दंड झाला. पुढे रिचमंडला रिपब्लिकन पत्रकार जेम्स कॅलेंडर यांच्या खटल्यात बचावपक्षाचा साक्षीदार जॉन टेलर याची साक्षच चेस यांनी नाकारली, कारण एका आरोपातील पूर्ण विधान त्याच्या एकट्याच्या साक्षीने सिद्ध होणार नव्हते. अर्धे एका साक्षीदाराने, अर्धे दुसऱ्याने, हे त्यांना मंजूर नव्हते. बचावाच्या वकिलांनी खटला सोडला. कॅलेंडर यांना ९ महिने कैद आणि २०० डॉलर दंड झाला. चेस यांच्यावर १८०४ मध्ये प्रतिनिधिगृहाने महाभियोग ठेवला, त्यात हा खटलाही होता. १८०५ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले.

६. खटला प्रत्यक्षात कसा चाले? एखादे उदाहरण?

व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांचे. या कायद्याखाली शिक्षा झालेले ते पहिले. जन्म आयर्लंडचा, जिभेला हाड नाही, आणि आधीच बदनाम: जानेवारी १७९८ मध्ये ते सभागृहात रॉजर ग्रिसवोल्ड यांच्यावर थुंकले. दोनेक आठवड्यांनी ग्रिसवोल्ड यांनी त्यांना काठीने बडवले, तेव्हा लायन यांनी शेकोटीचा चिमटा उचलला.

ज्या पत्रावरून खटला झाला ते लायन यांनी जूनमध्ये, म्हणजे कायदा होण्याआधी लिहून टपालात टाकले होते. ते छापून आले ३१ जुलैला, कायदा झाल्यानंतर. त्यात ॲडम्स यांच्या राजवटीतील डामडौल, खुशामत आणि स्वार्थी हाव यांवर टीका होती. सरकारने प्रकाशनाची तारीख धरली.

पुढचा क्रम असा. ग्रँड ज्यूरी, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ, आरोप निश्चित करी. मार्शल हा न्यायालयाचा अधिकारी आरोपीला पकडून आणी. सुनावणी फेडरल सर्किट न्यायालयात होई आणि तिथे सर्वोच्च न्यायालयाचेच एक न्यायमूर्ती फिरतीवर येऊन बसत. लायन यांच्यापुढे विल्यम पॅटरसन होते. न्यायाधीश, सरकारी वकील आणि मार्शल या तिघांची नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडून. ज्यूरीची यादी बनवण्यात मार्शलचा हात मोठा. त्यामुळे ज्या गावांत फेडरलिस्टांचे प्राबल्य, तिथलेच लोक ज्यूरीत आल्याची तक्रार लायन यांनी केली. ज्यूरीने काय पाहावे, तर मजकूर आरोपीने प्रसिद्ध केला का आणि हेतू वाईट होता का. हेतू शब्दांवरूनच ताडला जाई, आणि पहिली गोष्ट लायन नाकारतच नव्हते.

ऑक्टोबर १७९८ मध्ये ४ महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. त्यांना व्हर्जेन्सच्या थंडगार कोठडीत ठेवले. तिथूनच ते पुन्हा निवडून आले. सुटल्यावर त्यांना सभागृहातून काढण्याचा ठराव आला, पण ४९ विरुद्ध ४५ मते पडली आणि दोन-तृतीयांश बहुमत जमले नाही.

७. फक्त संपादक आणि पुढारीच सापडले का?

नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये ॲडम्स गावातून जाताना तोफा डागल्या गेल्या. त्यावर लूथर बाल्डविन नावाच्या गृहस्थाने दारूच्या नशेत, गोळा राष्ट्राध्यक्षांच्या ढुंगणावर बसला तरी आपल्याला फिकीर नाही, अशा अर्थाचे काही म्हटले. त्यालाही दंड झाला. मॅसॅच्युसेट्सच्या डेडहॅम गावात सरकारविरोधी मजकुराचा फलक असलेला ‘स्वातंत्र्यस्तंभ’ उभारण्यात हात होता म्हणून डेव्हिड ब्राऊन या फिरत्या मजुराला १८ महिने कैद झाली. या कायद्याखालची ही सर्वांत लांब शिक्षा, आणि ती भोगली कोणी, तर ना पैसा ना पक्ष पाठीशी असलेल्या माणसाने.

८. एकूण खटले किती?

जुन्या इतिहासग्रंथांत राजद्रोह कायद्याखालचे १४-१५ खटले आणि सुमारे १० शिक्षा असा आकडा येतो. अलीकडच्या संशोधनात न्यायालयांची दप्तरे चाळल्यावर तो बराच मोठा निघाला आहे. आकड्यांत घोळ होण्याचे एक कारण लक्षात ठेवावे: सगळी कारवाई या कायद्याखाली झाली नाही. फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’चे संपादक बेंजामिन फ्रँकलिन बाश (बेंजामिन फ्रँकलिन यांचे नातू) यांना कायदा होण्याआधीच, जून १७९८ मध्ये, परंपरागत कायद्याखाली अटक झाली. खटला उभा राहण्याआधी सप्टेंबरमध्ये ते पीतज्वराने गेले.

आकड्यापेक्षा निवड पाहावी. परराष्ट्रमंत्री टिमथी पिकरिंग रोज विरोधी पत्रे चाळत आणि सरकारी वकिलांना कारवाईसाठी लिहीत. ‘ऑरोरा’, बॉस्टनचे ‘इंडिपेंडंट क्रॉनिकल’, न्यूयॉर्कचे ‘आर्गस’ आणि ‘टाइम पीस’, रिचमंडचे ‘एक्झामिनर’ ही रिपब्लिकनांची महत्त्वाची पत्रे, आणि या ना त्या मार्गाने या सगळ्यांशी संबंधित माणसांवर कारवाई झाली. फेडरलिस्ट संपादक जेफरसन यांच्याबद्दल वाटेल ते छापत होते, त्यांच्यातला कोणी या कायद्याखाली कोठडीत गेला नाही.

९. मित्र-परकीय कायद्याखाली किती जणांना हद्दपार केले?

अधिकृतपणे एकालाही नाही. पण म्हणून कायदा निरुपयोगी ठरला असे नाही. भीतीने काम केले. फ्रेंच विद्वान व्होल्ने हा कायदा संमत होण्याच्या सुमारासच निघून गेले. फिलाडेल्फियात पुस्तकांचे दुकान चालवणारे मोरो द सँ-मेरी ऑगस्ट १७९८ मध्ये परतले. आपले नाव हद्दपारीच्या यादीत का, असे त्यांनी विचारले तेव्हा ॲडम्स यांच्याकडून आलेले उत्तर त्यांनी नोंदवून ठेवले आहे: खास कारण काही नाही, पण ते फारच फ्रेंच आहेत.

कायदा रुळला नाही याचे श्रेय थोडेफार ॲडम्स यांनाही द्यावे लागते. कायदा सढळ हाताने वापरावा हा पिकरिंग यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. ‘टाइम पीस’चे आयरिश संपादक जॉन डेली बर्क यांच्या बाबतीत दोन्ही हत्यारे एकत्र दिसतात: एका हाताने राजद्रोहाचा खटला, दुसऱ्या हाताने देश सोडलास तर खटला सोडतो अशी तडजोड. बर्क देश सोडण्याऐवजी व्हर्जिनियात जाऊन लपले.

१०. दक्षिणेकडच्या राज्यांचा विरोध एवढा तीव्र का होता?

तत्त्व होते, आणि गुलामगिरीही होती. राज्यघटनेतील एका कलमाने १८०८ पर्यंत राज्यांना ज्या व्यक्ती आत घ्याव्याशा वाटतील त्यांच्या ‘स्थलांतरावर किंवा आयातीवर’ बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई केली होती. हे कलम मुख्यतः गुलामांच्या व्यापारासाठी घातलेले. परकीयांना काढण्याचा अधिकार संघसरकारने घेतला तर उद्या तेच सरकार गुलामांबाबतही हात घालेल, ही भीती चर्चेत मांडली गेली.

केंटकीच्या विधानसभेने नोव्हेंबर १७९८ मध्ये आणि व्हर्जिनियाच्या विधानसभेने डिसेंबरमध्ये ठराव केले. पहिला मसुदा जेफरसन यांचा, दुसरा मॅडिसन यांचा, दोन्ही गुप्तपणे लिहिलेले. उपराष्ट्राध्यक्षांनाही नाव लपवावे लागले, यावरून वातावरणाची कल्पना येते. घटनाबाह्य कायदा राज्ये मानणार नाहीत, हा जेफरसन यांचा युक्तिवाद पुढे दक्षिणेने गुलामगिरी राखण्यासाठी वापरला.

११. म्हणजे रिपब्लिकन अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे खरे कैवारी होते का?

काही होते. बरेच जण संघसरकारच्या अधिकाराला विरोध करत होते, राज्यांनी खटले भरायला त्यांची हरकत नव्हती. फेब्रुवारी १८०३ मध्ये जेफरसन यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मकीन यांना लिहिले की, ठळक दोषींवर काही मोजके खटले भरले तर चांगला परिणाम होईल. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फेडरलिस्ट संपादक हॅरी क्रॉसवेल यांच्यावर जेफरसन यांच्या बदनामीबद्दल राज्याच्या कायद्याने खटला झाला. अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले फेडरलिस्टांचे बडे नेते अलेक्झांडर हॅमिल्टन.

१२. सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द का केला नाही?

प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. फौजदारी शिक्षेविरुद्ध सर्किट न्यायालयातून वर अपील करण्याची सोय तेव्हा नव्हती. आणि पोहोचला असता तरी तिथले न्यायमूर्तीच फिरतीवर असताना या शिक्षा देत होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सविरुद्ध सलिव्हन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयात कधी तपासली गेली नाही, पण इतिहासाच्या न्यायालयात त्याच्यावरचा आक्षेप जिंकला.

१३. सगळे फेडरलिस्ट या कायद्यांच्या बाजूने होते का?

बहुतेक जण होते, सगळे नव्हे. पुढे सरन्यायाधीश झालेले फेडरलिस्ट जॉन मार्शल यांनी उघडपणे सांगितले की हे कायदे निरुपयोगी आहेत आणि उगाच असंतोष वाढवतात. हॅमिल्टन यांनी राजद्रोह विधेयकाचा पहिला मसुदा पाहून जुलूमशाही आणू नका असे कळवले होते, मात्र सौम्य केलेल्या कायद्याला त्यांचा पाठिंबा राहिला.

१४. फेडरलिस्टांना याचा फायदा झाला का?

उलट झाले. खटल्यांनी लायन, कूपर यांच्यासारख्यांना देशभर ओळख दिली आणि रिपब्लिकन पत्रे कमी होण्याऐवजी वाढली. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना निर्वाचक मंडळाची प्रत्येकी ७३, ॲडम्स यांना ६५ मते पडली. पराभव फक्त या कायद्यांमुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. सैन्यासाठी बसवलेला नवा कर, न्यूयॉर्क राज्य हातचे जाणे आणि ॲडम्स-हॅमिल्टन भांडण हीही मोठी कारणे होती. जेफरसन-बर बरोबरी फोडण्यासाठी प्रतिनिधिगृहात, दर राज्याला एक मत या पद्धतीने, ३६ वेळा मतदान झाले. शेवटच्या फेरीत व्हरमाँटचे फेडरलिस्ट सदस्य बाजूला राहिले, आणि त्या राज्याचे मत जेफरसन यांना टाकले मॅथ्यू लायन यांनी. लायन यांचा दंड काँग्रेसने १८४० मध्ये त्यांच्या वारसांना परत केला.

१५. यातला कोणता कायदा आज जिवंत आहे?

शत्रू-परकीय कायदा. १८१२ चे युद्ध आणि दोन्ही महायुद्धांत तो वापरला गेला. १९१८ मध्ये त्यात स्त्रियांचाही समावेश झाला. इथे एक गल्लत नेहमी होते: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नागरिक असलेल्या जपानी वंशीयांना छावण्यांत डांबले ते या कायद्याने नव्हे, फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने. हा कायदा नागरिकांना लागू होत नाही. मार्च २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो व्हेनेझुएलातील एका टोळीच्या सदस्यांवर लावला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्यांना काढायचे त्यांना आधी सूचना आणि दाद मागण्याची संधी मिळालीच पाहिजे.

१६. भारतीयांशी याचा काही संबंध आहे का?

नागरिकत्व कायद्याच्या मार्गाने आहे. १७९० च्या कायद्यात नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना होते. १७९८ चे भांडण किती वर्षे थांबायचे यावर होते, या अटीला दोन्ही पक्षांची संमती होती. १९१० मध्ये मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे मानून नागरिकत्व कायम केले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस गोरा नाही असा निकाल दिला आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. ही वाट १९४६ मध्ये खुली झाली.

१७. टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांशी तुलना करता येईल का?

करता येते, पण फरक सांभाळून. भारतीय दंडसंहितेत कलम १२४अ १८७० मध्ये आले. त्यात मजकूर खरा आहे हा बचाव नव्हता, आणि कमाल शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची होती. त्या दृष्टीने १७९८ चा अमेरिकी कायदा सौम्य. ज्यूरीचाही फरक मोठा: अमेरिकेत शिक्षेसाठी एकमत लागे. मुंबईत १९०८ मध्ये ज्यूरीचे सात युरोपीय सदस्य दोषी म्हणाले, दोन पारशी सदस्य निर्दोष म्हणाले, आणि तेवढ्या बहुमतावर न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना ६ वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकी नियम असता तर त्या दिवशी टिळकांना दोषी ठरवता आले नसते. आणि लायन यांना कोठडीतून निवडणूक लढवून ज्या काँग्रेसने कायदा केला तिच्यात परत जाता आले, टिळकांना मंडालेतून तसे जाण्यासारखे सभागृहच नव्हते.